दुपारचं गाव

बदलापूरच्या एका नव्या इमारतीत आम्ही सँपल फ्लॅट बघत होतो. दोन बेडरूम, मोठ्या खिडक्या, खिडकीत डोंगर. नवरा टेप लावून भिंती मोजत होता. लेक प्रत्येक खोलीत शिरून ‘ही माझी’ म्हणत होती. मी ओट्यापाशी उभी राहून मिक्सर कुठे आणि मसाल्याचा डबा कुठे, हे मनातल्या मनात मांडायलाही लागले होते. सासूबाई मात्र वर आल्याच नव्हत्या. खाली येऊन बघते तर गेटबाहेर एका भाजीवालीच्या शेजारी, उलट्या घातलेल्या क्रेटवर बसून त्या तिला मेथी निवडू लागत होत्या.

परतीच्या गाडीत त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. उन्हाळ्यात टँकर लागतो. जवळचा डॉक्टर स्टेशनपाशी, तोही संध्याकाळी बसतो. दुपारी बारा ते पाच त्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं. भाजीवाली वांगणीहून येते आणि चारला गाशा गुंडाळून परत जाते, कारण गिऱ्हाईक काय ते सकाळी आणि रात्री.

‘‘आई, फ्लॅट कसा वाटला?’’ नवऱ्यानं विचारलं.

‘‘फ्लॅट काय, चांगलाच असणार,’’ त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

हे २०१९ चं. तेव्हा आम्ही मुलुंडला भाड्यानं राहत होतो. दर अकरा महिन्यांनी करार नवा आणि भाडंही नवं. माझी बँक फोर्टात, नवऱ्याचं ऑफिस ऐरोलीत, लेक पहिलीत. सासूबाईंचं सगळं आयुष्य लालबागच्या चाळीत गेलेलं. सासरे गेल्यावर तिथली खोली भावाभावांत वाटून टाकावी लागली, आणि त्यांच्या वाट्याला आलेले पैसे आमच्या डाउन पेमेंटमध्ये जायचे होते. म्हणजे खरं तर घर बघायला सगळ्यांत जास्त हक्कानं त्याच आल्या होत्या. हे माझ्या लक्षात यायला बराच उशीर झाला.

मध्य रेल्वेवर घर घेणाऱ्याचा भूगोल फार सोपा असतो. सीएसएमटीपासून ठाणे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, कल्याण ५४, अंबरनाथ ६०, बदलापूर ६८. १८५३ साली पहिली गाडी ठाण्याला थांबली, पुढच्या वर्षी ती कल्याणपर्यंत गेली, आणि तेव्हापासून मुंबईत न मावणारी माणसं या रुळांच्या कडेकडेनं सरकताहेत. जितकं पुढे जाल तितकी एक खोली वाढते. ठाण्याचं नाव आम्ही पहिल्याच रविवारी खोडलं. उरलेल्या पैशांत डोंबिवलीला जुन्या इमारतीतला वन बीएचके येत होता, अंबरनाथला जरा ऐसपैस वन बीएचके आणि बदलापूरला नवाकोरा टू बीएचके, वर लिफ्ट, वर लहान मुलांची घसरगुंडी.

नवऱ्यानं एक वही केली. तो वहीवाला माणूस आहे, दुधाचाही हिशोब ठेवतो. तिच्यात गावांची नावं आडवी आणि बाकी सगळं उभं: दर, कार्पेट एरिया, स्टेशनपासून अंतर, शाळा, महिन्याचा हप्ता. फास्ट लोकलनं डोंबिवलीहून सीएसएमटीला साधारण सव्वा तास धरा, बदलापूरहून पावणेदोन. म्हणजे जाताना अर्धा तास जास्त, येताना अर्धा. वर्षाचे २८० कामाचे दिवस धरले तर २८० तास. वीस वर्षांचं कर्ज, म्हणजे ५६०० तास. त्यानं चोवीसनं भागलं आणि वही माझ्यासमोर धरली: २३३ दिवस. जवळपास आठ महिने, रात्रंदिवस, गाडीत. दुसऱ्या बेडरूमची ही किंमत. ती त्यानं लाल पेनानं लिहिली.

हिशोब बिनचूक होता आणि तरी तो मला पटेना, कारण वहीत उभं राहणं आणि बसणं यांचा भाव एकच लावला होता. बदलापूर लोकल बदलापूरहून सुटते. वेळेत आलात तर बसायला मिळतं, आणि बसून गेलेले पावणेदोन तास म्हणजे भाजी निवडणं, डुलकी, मोबाइलवर एक अख्खी मालिका. डोंबिवलीला गाडी येते ती आधीच भरून. तिथून सुटणाऱ्या लोकल आहेत, पण त्या धरायच्या म्हणजे सगळा दिवस त्यांच्या वेळेला बांधायचा. म्हणून तर डोंबिवलीकर उलटे कल्याणला जातात आणि त्याच गाडीनं बसून परत येतात. याला ‘रिटर्न येणं’ म्हणतात. अंबरनाथवाले तसेच बदलापूरला जाऊन रिटर्न येतात, आणि बदलापूरचा माणूस आपल्याच स्टेशनात, आपल्याच गावाच्या गाडीत चढतो तर खिडकीत आधीच अंबरनाथकर झोपेचं सोंग घेऊन बसलेला. यावरून होणारी भांडणं ऐकण्यासारखी असतात. शेजारच्या दोन गावांचं इतकं खरं वैर मी दुसऱ्या कशावरून पाहिलेलं नाही.

रविवारी घर बघायला जाऊ नये, एवढं मात्र मी कुणालाही सांगेन. रविवारी सगळी गावं सभ्य दिसतात. रिक्षा मिळते, पुलावर गर्दी नसते, एजंटानं इस्त्रीचा शर्ट घातलेला असतो. ‘मॅडम, स्टेशन पाच मिनिटं’ हे वाक्य त्याच्या ॲक्टिव्हाच्या हिशोबात खरंच असतं. आम्ही एका मंगळवारी दोघांनी रजा टाकली आणि सकाळी सातला बदलापूरच्या त्या इमारतीपासून चालत निघालो. स्टेशनचा पूल चढून फलाटावर पोचेपर्यंत पंचवीस मिनिटं झाली होती. पावसाळा नव्हता, हातात डबा नव्हता, लेकीला शाळेत सोडायचं नव्हतं. नवऱ्यानं वही काढून २३३ दिवसांत भर घातली.

ज्याला त्याला आपलंच गाव श्रेष्ठ, हेही त्या वर्षात पुरेपूर ऐकून घेतलं. माझा डोंबिवलीचा सहकारी संस्कृतीखाली बोलतच नाही: १९९९ पासूनची गुढीपाडव्याची शोभायात्रा, दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर लोटणारी तरुण पोरंपोरी, सावित्रीबाई फुले नाट्यगृह. बदलापूरची मैत्रीण हवेखाली येत नाही. रात्री पंखा लागत नाही म्हणे, आणि जूनमध्ये ऑफिसला जांभळं आणते ती इतकी टपोरी की उत्तरच नसतं. दोघंही एकमेकांची मनापासून कीव करतात. अंबरनाथचे लोक जरा गप्प असतात. त्यांच्याकडे १०६० सालचं शिवमंदिर आहे, त्यामुळे बहुधा घाई नसावी.

अंबरनाथ खरं तर मला आवडलं होतं. वालधुनीच्या काठचं ते शिलाहारांचं देऊळ, काळ्या दगडात इंचाइंचावर कोरीव काम, आणि आत गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. सासूबाई तिथे तासभर बसल्या. एक जागाही पसंत पडली. पण मी बँकेत कर्ज विभागात काम केलेली बाई, आधी कागद मागते. मंजूर नकाशे होते, महारेराचा, म्हणजे घरबांधणीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा नंबर होता, लोक राहायलाही आले होते. ओसी मात्र ‘लवकरच येईल’. ते ‘लवकरच’ तीन वर्षांपासून चाललं होतं. ओसी म्हणजे बांधकाम नकाशाप्रमाणे झालंय आणि आता राहायला हरकत नाही, असा पालिकेचा दाखला. तो नसेल तर तुम्ही हप्ते भरून कायद्याच्या लेखी अर्धवट इमारतीत राहता. हे मी गिऱ्हाइकांना समजावून समजावून थकलेय, आणि तरीही त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, ‘येईलही.’ घर आवडलं की बँकवालीचीही अक्कल गहाण पडते. नवऱ्यानं वही मिटली म्हणून वाचलो. नंतर २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारती पाडायचा आदेश दिला. खोट्या परवानग्यांवर उभ्या राहिलेल्या आणि त्यावर रेराची नोंदणीही मिळवलेल्या. त्यात राहणाऱ्यांनीही कधीतरी ‘येईलही’ म्हटलं असेल.

मग पुन्हा बदलापूर. सासूबाई सोडल्या तर सगळ्यांचं मत तिकडेच होतं. जुलैअखेर टोकन द्यायचं ठरलं. आणि २७ जुलैच्या शनिवारी सकाळी टीव्ही लावला तर महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात उभी. उल्हास नदी रुळांवर आलेली, हजारावर माणसं डब्यांत अडकलेली, वर हेलिकॉप्टर आणि खाली एनडीआरएफच्या बोटी. सगळी माणसं सुखरूप बाहेर आली. आमचं टोकन मात्र राहिलं.

पाणी ओसरल्यावर आम्ही परत गेलो. आमच्या इमारतीत पाणी शिरलं नव्हतं, हे खरंच सांगायला हवं. पण दोन गल्ल्या खाली वॉचमननं भिंतीवर बोट ठेवून दाखवलं: इथवर आत्ता, आणि २००५ ला त्याच्याही वर. त्याच्या छातीच्या वर ती रेघ होती. नदीची निळी रेषा आणि लाल रेषा असते, हे मला नोकरीमुळे माहीत होतं. साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. नकाशावर त्या फार सुबक दिसतात. वॉचमनच्या रेघेला शेवाळ होतं. मार्च महिन्यात घर बघणाऱ्याला यातली एकही रेघ दिसत नाही.

पुढचं वर्ष कोविडचं. लोकल बंद झाल्या, नवरा घरून काम करायला लागला आणि जो तो सांगायला लागला की आता स्टेशनजवळचं घर कशाला, कर्जतला बंगला घ्या. बँका अत्यावश्यक सेवेत असल्यामुळे मी त्या भुताटकीसारख्या रिकाम्या गाड्यांतून फोर्टला जात होते. डब्यात पाच-सहा बायका, सगळ्या खिडकीत. त्या दिवसांत मला कळलं की मला प्रवासाचा राग नाही, गर्दीचा आहे. पण ही चैन टिकणार नाही हेही दिसत होतं. आणि घरी दिवसभर कोंडलेल्या सासूबाई रोज दुपारी मुलुंडच्या भाड्याच्या घराच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या. समोर बंद दारं. लालबागच्या गॅलरीत त्या वेळेला किती जणी असतील, हे त्या मोजत असाव्यात.

तेव्हा एका रात्री मी ती वही पहिल्या पानापासून वाचली. दर, अंतर, हप्ता, गाडी. सगळे रकाने आमच्या दोघांचे. आम्ही दोघं सकाळी सातला बाहेर पडणार आणि रात्री साडेआठला झोपेपुरते परतणार. गावात दिवसा राहणार कोण? सासूबाई आणि शाळेतून आलेली लेक. ज्या गावाची निवड आम्ही गाडीच्या वेळापत्रकावरून करत होतो, त्या गावाची दुपार आमच्यापैकी कुणीच बघणार नव्हतं. ती बघितली होती फक्त त्यांनी, उलट्या क्रेटवर बसून, आणि आम्ही त्यांना विचारलं होतं, ‘फ्लॅट कसा वाटला?’

दुसऱ्या दिवशी मी नीट विचारलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘अगं, दहा बाय बाराच्या खोलीत मी सात माणसांचं केलं. खोली लहान आहे असं कधी वाटलं नाही, बाहेर गॅलरी होती. घरात झोपायला जागा कमी पडली तर चालते. बाहेर बसायला हवी.’’

डोंबिवली पूर्वेचा वन बीएचके असा ठरला. इमारत १९८६ ची, तीन मजली, लिफ्ट नाही, घर पहिल्या मजल्यावर. स्वयंपाकघरात दोन बायका एका वेळी उभ्या राहिल्या तर एकीनं श्वास सोडायचा तेव्हा दुसरीनं घ्यायचा. जुन्या इमारतीला कर्ज मिळवताना माझ्या स्वतःच्या बँकेनं मला घाम फोडला, आणि ते बरोबरच होतं. इमारतीचं उरलेलं आयुष्य किती, सोसायटीच्या नावावर जमीन झाली का, म्हणजे कन्व्हेयन्स झालंय का, शेअर सर्टिफिकेट कुणाच्या नावावर. जुनं घर घेताना माणूस भिंतीचा रंग बघतो. खरं तर तो खालच्या जमिनीतला वाटा विकत घेत असतो. कन्व्हेयन्स झालेलं होतं म्हणून मी सही केली. नाहीतर पुनर्विकासाच्या वेळी बसा बोंबलत. कल्याण-शीळ रस्त्याकडे त्याच पैशांत अजून मोठं मिळत होतं, पण ती सत्तावीस गावांची बाजू. १९८३ ला महापालिकेत आलेली, २००२ ला बाहेर काढलेली, २०१५ ला परत आत घेतलेली. ज्या घराचं पाणी कुणाकडे मागायचं हेच दर काही वर्षांनी बदलतं, तिथे माझा धीर झाला नाही.

डिसेंबर २०२० मध्ये नोंदणी केली. त्या वर्षअखेरपर्यंत सरकारनं मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी उतरवलं होतं, त्यामुळे निबंधक कार्यालयाबाहेर मास्क लावलेल्या माणसांची अशी रांग की फडके रोडची दिवाळी बरी. त्या वाचलेल्या पैशांत नवऱ्यानं हॉलमध्ये सासूबाईंसाठी भिंतीत मिटणारा पलंग करून घेतला. त्या तो दिवसा मिटू देत नाहीत.

या गावाचं सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. वारा एमआयडीसीकडून असला की काही रात्री केमिकलचा असा वास येतो की खिडक्या लावून घ्याव्या लागतात. २३ मे २०२४ ला तिथल्या कारखान्यात स्फोट झाला तेव्हा मी फोर्टात होते. लेकीचा फोन आला, ‘आई, भांडी हलली.’ २०१६ च्या मे महिन्यातही असाच एक स्फोट झाला होता. घर घेताना आम्हाला तो माहीत होता. नदीची रेघ आम्ही बोट लावून पाहिली, या वासाची रेघ कुठवर येते ते कुणालाच विचारलं नाही. वहीत तसा रकानाच नव्हता. बदलापूरच्या पुराला घाबरून आम्ही कारखान्यांच्या शेजाराला आलो, असं मैत्रीण म्हणते, आणि मला यावर उत्तर सापडलेलं नाही.

ती मैत्रीण त्याच बदलापूरच्या इमारतीत राहायला गेली, आम्ही सोडलेल्या मजल्याच्या वरच्या मजल्यावर. मजेत आहे. कधी आमची गाडी एकच असते. डोंबिवलीला मी आत घुसते तेव्हा ती खिडकीशी बसून अर्धी झोप काढून झालेली असते. हात लांब करून माझी पर्स मांडीवर घेते आणि पुढे ठाणं गेल्यावर उठून म्हणते, ‘‘बस आता थोडा वेळ, संस्कृती.’’ ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन भरलेल्या गाड्या शेजारून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली, त्यात जीव गेले. त्या दिवशी मी दहा मिनिटं आधीच्या गाडीत, दारापासून दुसऱ्या रांगेत उभी होते. सासूबाईंचा फोन आला. ‘‘कुठे आहेस?’’ एवढंच. ‘‘दादरला,’’ मी म्हटलं. त्यांनी फोन ठेवला. पुढे कितीतरी दिवस त्या मला निघताना ‘आत उभी राहा’ म्हणायच्या, जणू ते माझ्या हातात असतं.

गेल्या ऑगस्टमध्ये अंगात ताप होता म्हणून अर्धी रजा टाकून दुपारी अडीचला घरी आले. कामाच्या दिवशी, इतक्या लवकर, साडेचार वर्षांत पहिल्यांदाच. दाराला कुलूप. सासूबाईंचा फोन लावला तर तो घरातच वाजत होता. शेजारच्या काकू बाहेर आल्या. ‘‘अहो, आज मंगळवार ना, आजी भजनाला गेल्या. तिथून त्या गुळवणींकडे जातात चहाला, मग नातीला शाळेतून घेऊनच येतात. चावी फुलवालीकडे ठेवतात.’’

कोणती फुलवाली, ते विचारायची लाज वाटली. खाली उतरले. रस्त्यावर ऊन होतं आणि माणसं होती. कट्ट्यावर तीन आजोबा एकच पेपर तीन तुकड्यांत वाचत होते, पिठाच्या गिरणीशी डबे रांगेत होते, कुणी तरी कुणाला तरी वरच्या गॅलरीतून कोथिंबीर आणायला सांगत होतं. रोज ज्या रस्त्यानं मी अंधारात येते-जाते तोच रस्ता. कोपऱ्यावर दोन फुलवाल्या होत्या. पहिलीला विचारलं, ‘‘आमच्या आजी चावी ठेवतात, ती तुमच्याकडेच का?’’

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पर्स, ऑफिसची साडी, घामाघूम चेहरा.

‘‘कोणत्या आजी?’’ ती म्हणाली. ‘‘नवीन आलात का डोंबिवलीत?’’